हरवलेल्या मोबाईलचा शोध : इयत्ता ६ वी व ७ वीसाठी एक पाठ

वस्तू हरवणे ही मनुष्याच्या व्यवहारातील जुनीच गोष्ट आहे. खुरपे बांधावर राहते, तांब्या पाणवठ्यावर राहतो, जत्रेच्या गर्दीत पाकीट जाते. अशी वस्तू एकदा हातची गेली की ती मुकी होते. ती कोठे आहे हे तिच्याकडून कळण्याचा मार्ग नसतो. मोबाईल फोन मात्र या नियमास अपवाद आहे. तो हरवला, चोरीस गेला, तरी जोवर चालू आहे तोवर आपला ठावठिकाणा कोणाला ना कोणाला कळवीतच असतो. प्रश्न इतकाच उरतो की, ते कळविणे कोणाच्या कानी पडते आणि ते ऐकण्याचा अधिकार कोणास आहे. प्रस्तुत पाठाचा विषय हाच होय.

हा विषय प्राथमिक शाळेत कशासाठी, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अनेक घरांत आज एकच फोन असतो, आणि बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीचा संदेश, मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलाचा आवाज हे सारे त्या एका फोनवर अवलंबून असते. तो हरवला की घरातील वडीलधारी माणसे गोंधळतात आणि बहुधा सातवीतल्या मुलालाच ‘आता काय करायचे?’ असे विचारतात. त्या मुलास उत्तर ठाऊक असावे. शिक्षकांच्या फोनची गोष्ट तर आणखी नाजूक आहे. त्यात पालकांचे क्रमांक, मुलांची छायाचित्रे, हजेरीच्या नोंदी असतात. तो परक्या हाती पडणे म्हणजे शाळेचे कपाट उघडे राहण्यासारखेच आहे.

पाठास दोन तासिका पुरतील. साहित्य म्हणून फोनची एक रिकामी पेटी, तीन खुंट्या, सुतळीचा गुंडा आणि चुन्याची फक्की एवढे पुरे. प्रत्यक्ष फोन वर्गात फिरविण्याची आवश्यकता नाही.

प्रारंभीचा प्रसंग

पाठाच्या प्रारंभी पुढील गोष्ट मुलांना सांगावी.

एका गावच्या शाळेत मधल्या सुटीनंतर बाईंचा फोन सापडेना. टेबलावर ठेवल्याचे त्यांना पक्के आठवत होते. मुलांची दप्तरे उघडली गेली. गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या एका कुटुंबातील मुलगा त्या वर्षी नव्यानेच शाळेत येऊ लागला होता. त्याचे दप्तर दोनदा उघडले गेले. कोणी काही बोलले नाही. परंतु दप्तर दोनदा उघडणे हे बोलण्याहून अधिक होते. शाळा सुटताना पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर फोन सापडला. तांदूळ मोजताना बाईंनी तो स्वतःच तेथे ठेवला होता आणि त्याचा आवाज बंद होता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गोष्ट येथेच थांबवावी आणि मुलांना विचारावे : ‘बाईंनी प्रथम काय करावयास हवे होते?’ मुले निरनिराळी उत्तरे देतील. त्यांतून दोन गोष्टी फलकावर याव्यात. पहिली, आवाज बंद असलेला फोनही दूरवरून मोठ्याने वाजविता येतो. ते केले असते तर फोन पाच मिनिटांत सापडला असता. दुसरी, शोधाचे साधन हाताशी असताना संशयाचे साधन वापरले गेले.

या दुसऱ्या गोष्टीविषयी शिक्षकांनी स्वतःपुरता अधिक विचार करावा. इंग्रजी अमदानीत १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. सोलापुरास त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि तेथील ‘सेटलमेंट’ हा शब्द लोकांच्या तोंडी अजूनही आहे. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला शिक्का वर्गातील एका दप्तराकडे वळलेल्या नजरेतून परत येतो. हरवलेला फोन दुसरा घेता येतो. शाळा सोडून गेलेले मूल परत आणणे त्याहून पुष्कळ कठीण असते, हे ज्यांनी पटनोंदणीसाठी पालोपाली फेऱ्या घातल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

वस्तू एक, ओळखी दोन

आता मुख्य विवेचनाकडे वळावे. मोबाईलच्या दोन ओळखी असतात, हे मुलांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे. एक ओळख सिमकार्डाची, म्हणजे दहा अंकी क्रमांकाची. दुसरी खुद्द यंत्राची. चोर सिमकार्ड काढून फेकून देतो तेव्हा पहिली ओळख जाते; दुसरी यंत्रातच राहते. बैल विकला तरी त्याच्या अंगावरील डाग जात नाही, तसेच हे आहे.

या दुसऱ्या ओळखीस ‘आयएमईआय’ क्रमांक म्हणतात. तो पंधरा अंकी असतो. फोनच्या पेटीवर तो छापलेला असतो, पुष्कळदा पावतीवरही असतो, आणि फोनवर *#०६# ही कळ दाबली असता पडद्यावर उमटतो. दोन सिमकार्डे घेणाऱ्या फोनला असे दोन क्रमांक असतात; दोन्ही टिपून ठेवावेत. पहिल्या आठ अंकांवरून फोनची जात, म्हणजे बनावट व नमुना, कळतो. पुढील सहा अंक त्या एका फोनचा अनुक्रम दाखवितात. शेवटचा अंक हा पडताळ्याचा असतो.

हा पडताळ्याचा अंक म्हणजे गणिताच्या शिक्षकास आयती मिळालेली संधी आहे. त्याची रीत आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधून काढली. १९५४ साली त्यांनी तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९६० साली ते त्यांना मिळाले. रीत पाचवीच्या मुलासही जमेल अशी आहे. उदाहरणासाठी ४९०१५४२०३२३७५१८ ही संख्या घ्यावी. पुस्तकांतून नमुना म्हणून हीच दिलेली आढळते. शेवटचा ८ झाकून ठेवावा. उरलेल्या चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करावेत : ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे १८, २, ८, ०, ४, १४, २ होतात. दोन अंकी संख्या आली तर तिच्यातील अंकांची बेरीज घ्यावी. म्हणजे १८ चे ९ आणि १४ चे ५. यांची एकूण बेरीज ३०. न दुपटलेले अंक ४, ०, ५, २, ३, ३, ५. त्यांची बेरीज २२. दोन्ही मिळून ५२. आता ५२ मध्ये किती मिळविले म्हणजे पूर्ण दशक होईल? ८. झाकलेला अंक उघडून दाखवावा. वर्गात या क्षणी जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

लगेच एक अंक चुकवून पाहावा. सातव्या जागी २ ऐवजी ३ लिहिला तर बेरीज ५३ होते आणि पडताळ्याचा अंक ७ यावयास हवा. ८ जुळत नाही. याप्रमाणे एका अंकाची चूक नेहमीच उघडकीस येते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा कळते. पण ० आणि ९ यांची अदलाबदल या रीतीस ओळखता येत नाही. याच संख्येत दुसऱ्या व तिसऱ्या जागी ९० आहे. तेथे ०९ लिहून मुलांना बेरीज करावयास लावावी. ती पुन्हा ५२ च येते. शास्त्रीय रीतीलाही मर्यादा असते आणि ती मर्यादा नेमकी कोठे आहे हे सांगता येते, ही जाणीव लहान वयात झालेली बरी. पोलीस ठाण्यात अर्ज लिहिताना एक अंक चुकला तर भलत्याच फोनचा शोध सुरू होईल, हेही येथेच सांगावे.

फोनचा ठाव कसा लागतो

‘उपग्रहाला आपला फोन दिसतो’ अशी समजूत खेडोपाडी आणि शहरांतही रूढ आहे. ती चुकीची आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि आपली जागा सांगणारा संकेत सतत पाठवीत असतात. फोन तो केवळ ऐकतो. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर, येणाऱ्या या संकेताला माथ्यावरील उपग्रहापासून पोहोचण्यास सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. संकेतास लागलेल्या वेळावरून अंतर निघते, आणि चार उपग्रहांच्या अंतरांवरून फोन स्वतःची जागा स्वतःच मांडतो. तीन ऐवजी चार लागतात, कारण फोनचे घड्याळ उपग्रहांच्या घड्याळाइतके अचूक नसते. चौथा उपग्रह ती चूक काढून टाकतो.

म्हणजे फोनला आपली जागा कळली. ती मालकाला कशी कळणार? त्यासाठी इंटरनेटची जोडणी लागते. डोंगराआडच्या वाडीत, जेथे ‘रेंज’ नाही, तेथे फोनची अवस्था पत्र लिहून तयार आहे परंतु टपालपेटी नाही अशी होते.

दुसरा मार्ग मनोऱ्यांचा. चालू असलेला फोन जवळच्या मनोऱ्याशी अधूनमधून संपर्क ठेवतो, नाहीतर त्याच्यापर्यंत कॉल पोहोचणारच नाही. त्यामुळे कंपनीच्या यंत्रणेत तो कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत आहे याची नोंद होते. हे मैदानावर करून दाखवावे. तीन खुंट्या ठोकून त्यांना मनोरे मानावे व एक मीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण धरावे. एका मुलास मैदानात कोठेही उभे करून तिन्ही खुंट्यांपासूनची त्याची अंतरे सुतळीने मोजून घ्यावी आणि मग त्यास बाजूस करावे. पहिल्या खुंटीभोवती तेवढ्या सुतळीने चुन्याचे वर्तुळ काढले की हरवलेला मुलगा त्या वर्तुळावर कोठेतरी असल्याचे कळते. दुसरे वर्तुळ काढले की दोनच छेदनबिंदू उरतात. तिसरे काढले की एक. भूमितीच्या तासाला कंपासपेटीतून जे उमगत नाही ते चुन्याच्या रेघेवर उभे राहून उमगते.

मात्र व्यवहारात मनोऱ्याची सुतळी इतकी नेमकी नसते, हे सांगावयास विसरू नये. शहरात मनोरे जवळजवळ असतात, त्यामुळे जागा बरीच अचूक ठरते. खेड्यात दोन मनोऱ्यांमध्ये कित्येक किलोमीटरांचे अंतर असते. तेथे ‘फोन अमुक मनोऱ्याखाली आहे’ एवढ्यावरून चार वाड्या आणि त्यांची सारी शेते संशयात येतात. शिवाय मनोऱ्याची माहिती कोणासही मिळत नाही. ती कायदेशीर मागणीवरून तपासयंत्रणेसच दिली जाते. ‘फक्त नंबर टाका, फोन कोठे आहे ते पाहा’ असे सांगणाऱ्या जाहिराती म्हणूनच खोट्या समजाव्यात. हरवलेल्या फोनच्या दुःखावर दुसरी चोरी करणारे ते लोक असतात.

फोन गेल्यावर

पहिला उपाय साधा आहे : दुसऱ्या फोनवरून कॉल करावा. कित्येकदा रिक्षाचालक, वाहक किंवा बाजारातील दुकानदार तो उचलतो आणि काम तेथेच संपते.

कॉल उचलला गेला नाही, तर अँड्रॉइड फोनसाठी गुगलची ‘फाइंड हब’ ही सोय आहे. २०२५ पर्यंत तिचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ असे होते. आयफोनसाठी ‘फाइंड माय’ आहे. दुसऱ्या फोनवर आपल्या खात्याने प्रवेश केला की नकाशावर जागा दिसते, आवाज बंद असला तरी फोन मोठ्या आवाजात वाजविता येतो, आणि त्यास कुलूप लावून पडद्यावर निरोप व दुसरा क्रमांक ठेवता येतो. फोनमधील सर्व माहिती पुसून टाकण्याचीही सोय आहे. परंतु ती शेवटी वापरावी, कारण माहिती पुसली की अँड्रॉइड फोनचा या मार्गाने शोध घेणे संपते. यासाठी फोन चालू असणे, त्यात खाते असणे व जागेची सोय सुरू असणे या गोष्टी आधीच हव्यात. फोन बंद झाला असेल तर शेवटची ज्ञात जागा तरी दिसते. शोध संपताच परक्याच्या फोनवरून आपले खाते बंद करावे, हे पुष्कळजण विसरतात.

येथे एक अडचण हमखास येते. खात्यात शिरताना गुगल खातरजमेचा संकेतांक त्याच हरवलेल्या फोनवर पाठविते! किल्ली कपाटातच राहिली आणि कपाट बंद झाले, अशी ही गत. यासाठी खात्यात दहा राखीव संकेतांक मिळण्याची सोय आहे. ते कागदावर उतरवून घरी ठेवावेत.

नकाशावर टिंब दिसले म्हणून तेथे एकट्याने धावत जाऊ नये. टिंब म्हणजे दार नव्हे. ते शेजारच्या घरावरही पडलेले असू शकते. निरपराध्यावर आळ येणे आणि अपराध्याशी गाठ पडणे, दोन्ही सारखेच अनिष्ट.

फोन चोरीस गेला असे वाटत असेल, तर सिमकार्ड बंद करावे की शोधासाठी चालू ठेवावे, असा पेच पडतो. सिम बंद केले की फोनचे इंटरनेट जाते व नकाशावरील टिंब थांबते. चालू ठेवले तर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे संकेतांक मिळवू शकतो. पडद्याचे कुलूप सिमकार्डाचे रक्षण करीत नाही. जेथे क्रमांकास बँकखाते जोडलेले आहे तेथे विलंब न करता कंपनीला कळवून सिम बंद करावे आणि बँकेसही कळवावे. यंत्राची किंमत खात्यातील शिलकेपेक्षा बहुधा कमी असते. पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. आधीची दक्षता म्हणून सिमकार्डालाही स्वतंत्र पिन लावता येतो. तीनदा चुकल्यास सिम अडते.

त्यानंतर पोलीस ठाणे. गहाळ झाला असेल तर तशी नोंद, चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. प्रवासात चोरी झाली आणि हद्द कोणती हे कळेना, तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि गुन्ह्याच्या खबरीची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. अर्जात आयएमईआय क्रमांक अवश्य लिहावा.

मग यंत्रच निरुपयोगी करण्याचा मार्ग. केंद्राच्या दूरसंचार विभागाने यंत्रांच्या ओळखीची मध्यवर्ती नोंदवही तयार केली आहे. तिचा प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईहून झाला, आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ती साऱ्या देशास खुली झाली. त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घ्यावे, पोलिसांकडील नोंदीची प्रत, ओळखपत्र व शक्य तर पावती जोडून तेथे अर्ज भरावा. सिम नवीन घेतल्यावर संदेश येण्यास २४ तासांपर्यंत विलंब होतो. त्यामुळे गोंधळून जाऊ नये. अर्ज स्वीकारला गेला की तो फोन भारतातील कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही, आणि कोणी त्यात नवे सिम घातल्यास ती माहिती पोलिसांकडे जाते. अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा; फोन सापडल्यावर बंदी उठविण्यास तोच लागतो.

चोर हा आयएमईआय क्रमांक बदलू पाहतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे अशा खाडाखोडीस तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आठवड्याच्या बाजारात स्वस्तात मिळणारा जुना फोन घेण्यापूर्वी ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला तर तो फोन बंदीतील आहे की नाही हे कळते. हा एक रुपयाचा उद्योग न केल्यामुळे पुष्कळ प्रामाणिक माणसे चोरीच्या मालाचे धनी ठरतात.

फोन सापडल्यास

पाठाचा हा भाग मुलांना सर्वांत जवळचा आहे. कारण फोन हरवणारे मूल विरळा, सापडलेला फोन उचलणारे मात्र कोणतेही असू शकते. कायदा येथे स्पष्ट आहे. सापडलेली वस्तू मालकास परत देण्यासाठी उचलून जपून ठेवणे हा अपराध नाही. मालक ठाऊक असता, किंवा त्याचा शोध घेण्याचा योग्य प्रयत्न न करताच, ती आपलीशी करणे हा कलम ३१४ खालील अपराध आहे. फोनच्या बाबतीत मालक शोधणे सोपे : तो बंद करू नये, सिम काढू नये, कॉल येण्याची वाट पाहावी. बॅटरी उतरत असेल तर चार्जिंगला लावावा. संध्याकाळपर्यंत कोणी विचारले नाही तर वडीलधाऱ्या माणसाबरोबर पोलीस पाटलांकडे किंवा ठाण्यात द्यावा. मुलास एकटे पाठवू नये.

दोन मुलांकडून हे नाट्यरूपाने करवून घ्यावे. एकाला फोन सापडला आहे, दुसरा मालक म्हणून बोलत आहे. पण तो खरा मालक आहे हे कशावरून ओळखावे? पडद्यावरील चित्र कोणते, कुलूप उघडता येते का, शेवटचा कॉल कोणाचा, असे प्रश्न मुले स्वतःच शोधून काढतील.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने घरच्या फोनचा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहावा, लूनच्या रीतीने पडताळून पाहावा आणि तो कागद घरी शिधापत्रिकेबरोबर ठेवावा. हे कागद शाळेत मागवू नयेत. गृहपाठ केला की नाही हे पाहण्यासाठी शिक्षकांनी केवळ दोन्ही बेरजा विचाराव्यात. ज्यांच्या घरी फोन नाही त्या मुलांनी वरील नमुना संख्येतील कोणताही एक अंक बदलून नवा पडताळ्याचा अंक काढून आणावा, आणि हे दोन्ही गृहपाठ फलकावर शेजारीशेजारी, सारख्याच मानाने लिहिले जावेत.